बाटली हातात असेपर्यंत

उत्तम तायडे मला पहिल्या दिवशी अजिबात आवडला नव्हता.

विनयच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, सीतापुऱ्यातल्या नोकरीपायी आम्ही नाशिक सोडून जयपूरला आलो आणि जगतपुऱ्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी भूलतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. थिएटरमधला भुलीचा टेक्निशियन मराठी आहे हे कळल्यावर मी खूश झाले होते. महिनाभर सगळीकडे ‘मॅडमजी, मॅडमजी’ ऐकून कान किटले होते. पण हा माणूस निघाला भलताच. पहिल्याच केसला मी म्हटलं, “उत्तम, तेवढं सलाइन दे बघू,” तर हा डाव्या हातात औषधाची रिकामी बाटली घट्ट धरून उभा आणि सलाइन उजव्या हाताने, अवघडत देतोय. बाटली टाकत नाही की ठेवत नाही.

“ती काय नवसाची आहे का?” मी विचारलं.

“एक मिनिट, मॅडम. डायल फिरला की ठेवतो.”

भुलीच्या मशीनवर धातूचं एक जाडजूड भांडं असतं. त्यात झोपेचं द्रव औषध भरतात. त्याची वाफ प्राणवायूबरोबर पेशंटच्या फुप्फुसात जाते आणि तिथून रक्तावाटे मेंदूत. किती वाफ जायची ते वरच्या गोल डायलवर ठरतं. ऑपरेशनच्या मध्येच औषध संपत आलं तर डायल शून्यावर आणायचा, भांडं भरायचं आणि डायल पुन्हा होता तिथे न्यायचा. ही शेवटची पायरी विसरणं फार सोपं. काचेतून औषधाची पातळी वर आलेली दिसते आणि आपल्याला वाटतं, झालं काम. उत्तमने त्यावर स्वतःपुरता उपाय काढला होता. डायल परत फिरेपर्यंत रिकामी बाटली हातातून सोडायची नाही. बाटली हातात आहे म्हणजे काम अपुरं आहे. थिएटरमधले सगळे त्याला ‘बोतल बाबा’ म्हणायचे. मीही म्हणायची.

ही सवय त्याने वडिलांकडून उचलली होती. दशरथ तायडे अमळनेरला रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. जयपूर तेव्हा पश्चिम रेल्वेतच होतं, त्यामुळे बदली झाली आणि नऊ वर्षांचा उत्तम इथे आला. “गाडीचा शेवटचा डबा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बाबा झेंडी खाली नव्हते आणत,” तो सांगायचा. “स्टेशनमास्तर ओरडायचे, दशरथजी, चाय ठंडी हो रही है. पण नाही.” त्याचं मराठी खानदेशी वळणाचं, आणि दर चार शब्दांनी त्यात ‘मतलब’ यायचं. लिहायला बसला की हिंदीच लिही. त्याची बायको रत्नमाला शिकवण्या घ्यायची आणि मुलगी गौतमी नर्सिंगला होती. चौदा एप्रिलला तो थिएटरभर बुंदीचे लाडू वाटायचा आणि पहिला लाडू मला आणून द्यायचा.

मी त्याला अरे-तुरे करायची. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होता. माझी लाज वाटण्यासारख्या गोष्टींत ही सगळ्यात लहान.

आमचं जमलं ते त्याच्या वहीमुळे. चहाच्या वेळी तो शाळकरी वही काढून प्रश्न विचारायचा. एवढी वर्षं औषधं सिरिंजमध्ये भरून देतोय, पण ती आत जाऊन नेमकं करतात काय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला लागले. भूल म्हणजे एक इंजेक्शन, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर आम्ही तीन कामं तीन वेगवेगळ्या औषधांकडून करून घेतो. एक औषध झोप आणतं. एक वेदना थांबवतं. आणि तिसरं स्नायू ढिले पाडतं, म्हणजे पोट कडक राहत नाही आणि सर्जनला काम करता येतं. हे तिसरं औषध मेंदूपर्यंत पोचतच नाही. नसेकडून स्नायूकडे जो निरोप जातो, तेवढाच ते अडवतं. पेशंटला बोट हलवता येत नाही, पापणी उचलता येत नाही, श्वासही मशीनच देतं.

“मतलब, झोपेचं औषध कमी पडलं तर?” उत्तमने विचारलं होतं.

“तर तो आत जागा असेल आणि आपल्याला झोपलेला दिसेल.”

“मग कळणार कसं?”

“हृदय सांगतं. नाडी पळायला लागते, रक्तदाब चढतो. डोळ्यांतून पाणी येतं.”

त्याने ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. मी पाठ असलेलं सांगितलं होतं, त्याने ऐकलं होतं. आमच्यात एवढाच फरक होता, आणि तो किती मोठा आहे हे मला मागच्या जानेवारीत कळलं.

केसरदेवी सांगानेरची. वय बावन्न. तीस वर्षं कापडावर लाकडी ठशांनी छपाई करणाऱ्या बाईचे हात असतात तसे तिचे हात, नखांच्या मुळापर्यंत निळे-काळे. बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा त्या रंगामुळे नीट आकडा दाखवेना, तेव्हा उत्तमने तो तिच्या कानाच्या पाळीला लावला आणि म्हणाला, “अम्मा, आज बाली हमारी तरफ से.” ती हसली. पित्ताशयात खडे होते, दुर्बिणीतून काढायचे होते. रोजचं काम. झोपेचं इंजेक्शन देण्याआधी तिने माझं मनगट धरलं.

“पता तो नहीं चलेगा ना?”

“कुछ पता नहीं चलेगा, अम्मा,” मी म्हणाले.

चाळीसेक मिनिटं झाल्यावर भांड्यातलं औषध तळाला गेलं. उत्तमने डायल शून्यावर आणला, भांडं भरलं. रिकामी बाटली त्याच्या हातातच होती, तेवढ्यात टेबल अडकलं. सर्जनला ते तिरकं हवं होतं आणि ते हलेना. सर्जन ओरडायला लागले. त्यांना पुढच्या केसची घाई, मला त्यांच्या ओरडण्याचा राग, आणि तो राग मी काढला कुणावर, तर उत्तमवर.

“ठेव ती बाटली खाली. आधी टेबल बघ.”

“मॅडम, डायल...”

“अरे, ठेव म्हटलं ना!”

त्याने बाटली ट्रॉलीवर ठेवली आणि टेबलाखाली शिरला. डायल माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्याने ‘डायल’ म्हटलेलं मी ऐकलं होतं. पण तो अर्धं बोलला, अर्ध्यावर मी त्याला तोडलं, आणि मग मी केसपेपर भरायला घेतला. वाफ मोजून दाखवणारा मॉनिटरचा भाग त्या आठवड्यात दुरुस्तीला गेला होता. तो असता तर त्याने बोंब मारली असती.

दहा-बारा मिनिटांनी सर्जन म्हणाले, “पेशंट टाइट हो रही है.” मी स्नायू ढिले करणारं औषध आणखी दिलं. मग नाडी एकशे अठरावर गेली, रक्तदाब एकशे सत्तरवर. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात हवा भरतात, त्याने रक्तदाब थोडा चढतोच. मी स्वतःला तेच सांगितलं आणि रक्तदाब उतरवायचं औषध दिलं. नाडी खाली आली. मला बरं वाटलं. डोळ्यांवर लावलेल्या चिकटपट्टीच्या कडा ओल्या दिसत होत्या. थिएटरमध्ये हीटर चालू होता, घाम असेल, असं मी धरून चालले.

आज मला माहीत आहे की तिने जिवाच्या आकांताने हलायचा प्रयत्न केला, तेव्हा मी तिचे स्नायू बंद केले. तिच्या हृदयाने हाका मारल्या, तेव्हा मी हृदय गप्प केलं. दोन्ही औषधं अगदी बरोबर मात्रेत दिली होती.

टेबलाखालून बाहेर आल्यावर उत्तमने पहिल्यांदा ट्रॉलीवरची बाटली पाहिली, मग डायल. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

“मॅडम,” तो हळूच मराठीत म्हणाला, “डायल शून्यावर राहिला.”

चोवीस मिनिटं झाली होती. मी डायल फिरवला, झोपेचं पांढरं औषध शिरेतून ढकललं, आणि ते ढकलताना त्याच्याकडे न बघता म्हणाले, “कुणाला बोलू नकोस.”

थिएटरमध्ये आमचं मराठी कुणालाच कळत नसे. सर्जनच्या विक्षिप्तपणाबद्दल आम्ही त्यांच्यासमोरच बोलायचो. त्या दिवशीही कुणाला कळलं नाही. त्यावर मी विसर पाडणारं एक औषधही दिलं. ते पुढचं विसरायला लावतं, मागचं पुसत नाही, हे मी उत्तमला वहीत लिहून दिलेलं होतं. तरीही दिलं. उत्तम सिरिंजकडे बघत राहिला.

दहाव्या दिवशी केसरदेवी टाके दाखवायला आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. डोळे खोल गेलेले, आणि उभ्या उभ्या डुलत होती. नवरा म्हणाला, झोपत नाही. आडवीच होत नाही. भिंतीला पाठ लावून बसून राहते, डोळा लागला की किंचाळून उठते. झाडफूक करणाऱ्याकडेही नेऊन आणलं.

सर्जनने मला बोलावून घेतलं. मशीन सांभाळणारा म्हणून उत्तमही माझ्यामागे आला. केसरदेवीने सगळं सांगितलं. ऐकू यायला लागलं, मग पोटात जाळ झाला. हात उचलायचा होता, उचलला नाही. ओरडायचं होतं, घशात नळी होती. मेले असेन आणि आता हे लोक मला चिरतायत, असं तिला वाटलं. टेबल हलत नाही म्हणून कुणीतरी ओरडत होतं, तेही तिने सांगितलं. सर्जनने माझ्याकडे पाहिलं.

“दवा से सपने आते हैं, अम्मा,” मी म्हणाले. “सपना था.”

“सपना था?” तिने माझ्याकडे नीट बघितलं. “तो आप ही बता दो, कुणाला बोलू नकोस का मतलब क्या होता है?”

तिला मराठीचं अक्षरही येत नव्हतं. पण शब्द बरोबर होते, माझी धसमुसळी घाईही बरोबर होती. सर्जनला ते काही कळलं नाही. उत्तम माझ्या मागे उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

“कुछ नहीं होता,” मी म्हणाले. “सपने में आदमी कुछ भी सुन लेता है.”

तिने मान खाली घातली. डॉक्टरीणबाई म्हणतेय म्हणजे आपलंच डोकं फिरलं, हे तिने तिथे माझ्यासमोर मान्य करून टाकलं. नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला नेलं.

त्याच आठवड्यात पित्ताशयाचा तपासणी अहवाल आला. खड्यांच्या आड कॅन्सर निघाला. इकडे उत्तरेत ही गोष्ट नवी नाही, खड्यासाठी म्हणून काढतात आणि हे सापडतं. महिन्या-दीड महिन्यात दुसरं, मोठं ऑपरेशन करून यकृताचा थोडा भाग आणि आसपासच्या गाठी काढल्या तर माणूस वाचू शकतो. उशीर झाला तर नाही. सर्जनने नवऱ्याला समजावलं, मुलाला समजावलं. केसरदेवी म्हणाली, मरेन, पण पुन्हा झोपवून घेणार नाही. सगळ्यांनी कपाळाला हात लावला. वेड लागलंय, म्हणाले.

आता दोन माणसांना खरं माहीत होतं, आणि त्या बाईचा जीव त्यावर लटकलेला होता.

“सांगू या, मॅडम,” उत्तम दुसऱ्या दिवशी म्हणाला. “तिला वाटतं भुलीत असंच होतं, नाहीतर ती पागल झाली. दोन्ही खोटं आहे. डायल बंद होता. हे कळलं तर ती तयार होईल.”

“केस होईल आपल्यावर.”

“होईल.”

“गौतमीचं शेवटचं वर्ष आहे. तुझी नोकरी गेली तर?”

मी त्याच्या मुलीला मध्ये आणलं. माझ्या नोंदणीची, माझ्या नावाची भीती होती ती सांगायला जीभ वळली नाही, म्हणून त्याच्या मुलीचं नाव घेतलं. मी म्हटलं, थोडा वेळ जाऊ दे, मीच काहीतरी मार्ग काढते. तो दर सोमवारी विचारायचा, “मॅडम, काही निघालं का?” आणि मी म्हणायची, बघतेय. असे पाच सोमवार गेले. मी काहीच बघत नव्हते. मी भित्री आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. फटकळ माणूस शूर असतो असा माझा समज होता.

सहाव्या सोमवारी त्याने विचारलं नाही. म्हणाला, “काल जाऊन आलो सांगानेरला.”

रविवारी दुपारी तो स्कूटरवरून एकटाच गेला होता. अंगणात दोऱ्यांवर छापलेलं कापड वाळत होतं, केसरदेवी भिंतीला टेकून बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं. भांडं, डायल, बाटली. तुम्ही जाग्या होता, अम्मा. चोवीस मिनिटं. स्वप्न नव्हतं. तुमचं डोकं ठिकाणावर आहे, गलती मेरी थी.

तिने पहिला प्रश्न तोच विचारला. त्या शब्दांचा अर्थ काय? त्याने सांगितला. किसी से मत कहना.

“वो तुमने कहा था?”

“हाँ, अम्मा.”

“आवाज तो औरत की थी.”

मला हे सांगताना उत्तम माझ्याकडे न बघता मशीनची नळी पुसत होता.

मग केसरदेवी रडली. नवरा अंगावर धावून आला, त्याला तिनेच थांबवलं. आणि रडून झाल्यावर, म्हणाला, ती तिथेच उन्हात खाटेवर आडवी झाली आणि झोपली. दोन महिन्यांनी पहिल्यांदा. नवरा घाबरला, त्याला वाटलं चक्कर आली. उत्तमने मनगटावर बोटं ठेवली, घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला चौदा. शांत झोप. तो दीड तास तिच्या उशाशी बसून राहिला.

“बावीस वर्षं पेशंट झोपवण्याचं काम करतोय, मॅडम,” तो म्हणाला. “असं कुणाला झोपलेलं नव्हतं बघितलं.”

तिचा नवरा हॉस्पिटलात आला, आणि चूक कबूल झाल्याचं सगळ्यांना कळलं. आठ दिवसांत चौकशी समिती बसली. अधीक्षक, सर्जन आणि ऑफिसचे दोघे. भांडं भरणं कुणाचं काम, असं विचारलं. उत्तम म्हणाला, माझं. बाटली कुणी खाली ठेवली? मी ठेवली. का ठेवली, असं कुणी विचारलं नाही, आणि तो आपणहून बोलला नाही. मी त्याच्यापासून तीन फुटांवर बसले होते.

“मॅडम, आपको कुछ कहना है?” अधीक्षकांनी विचारलं.

“नहीं,” मी म्हणाले.

हे लिहिताना माझा हात जड झालाय. पण तेव्हा तो शब्द किती हलका होता! तोंडातून अगदी सहज गेला. उत्तमने खिशातून लॉकरची किल्ली काढून टेबलावर ठेवली, सगळ्यांना नमस्कार केला. मलाही केला. दुसऱ्या दिवशी थिएटरमध्ये त्याच्या जागी नवीन माणूस होता आणि टेबलही नवीन आलं होतं.

केसरदेवी ऑपरेशनला तयार झाली. ते शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात व्हायचं ठरलं. तिची एकच अट होती, उत्तम आत पाहिजे. बाहेरच्या माणसाला आत कोण घेणार? तो बाहेर बाकावर बसला. आत नेण्याआधी तिने तिथल्या भूलतज्ज्ञाला सांगितलं, “भैया, दवा भरने के बाद डायल चालू कर देना.” उत्तमने तिला शिकवून ठेवलं होतं. तो डॉक्टर हसला नाही, त्याने तिला डायल दाखवला, हे उत्तमने मला फोनवर मुद्दाम सांगितलं. तिला काही कळलं नाही. छान झोप लागली. पण पोट उघडलं तर आजार यकृतभर पसरलेला. पाऊण तासात पुन्हा टाके घालून बाहेर आणलं.

पहिल्या ऑपरेशनला तोवर बारा आठवडे झाले होते. पाच आठवडे लवकर झालं असतं तर ती वाचली असती का, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मी डॉक्टर आहे, असं वाक्य मला दुसऱ्याला सांगता येतं. स्वतःला सांगून पाहिलं, पटलं नाही.

जुलैत मी सांगानेरला गेले. सून दारात होती, तिने ओळखलं आणि बाजूला झाली. केसरदेवी खाटेवर होती, डोळे हळदीसारखे पिवळे. हातांवरचा रंग मात्र तसाच, काम सुटून इतके महिने झाले तरी नखांत निळा. मी खाली बसले. बोलायचं ठरवून आले होते, तरी आधी रडूच आलं. मग सांगितलं. बाटली खाली ठेवायला मी लावली होती. तो आवाज माझा होता. स्वप्न म्हणाले ते खोटं होतं. आता जाऊन सगळं लिहून देते, म्हणाले.

ती छताकडेच बघत होती.

“मालूम था,” ती म्हणाली. “आवाज कौन भूलता है.” मग तिने माझं मनगट धरलं, ऑपरेशनच्या दिवशी धरलं होतं तसंच, आणि मराठीत म्हणाली, “कुणाला बोलू नकोस.”

माझ्याच घाईने, माझ्याच आवाजात.

“उसकी नौकरी गई,” ती पुढे म्हणाली. “आप बोलोगी तो आपकी भी जाएगी. एक घर बैठ गया, बहुत है. मत बोलो.”

तिला माझी काळजी वाटली. मी जिला जागी ठेवून चिरू दिलं, वर वेडी ठरवलं, ती मरता मरता माझी नोकरी वाचवत होती. आणि मी घरी येताना स्कूटरवर काय विचार करत होते? की आता तिचीच इच्छा आहे, तर गप्प राहायला हरकत नाही. मला हलकं वाटलं होतं. खरंच वाटलं होतं.

ऑगस्टच्या अखेरीस ती गेली. उत्तमचा फोन आला. तो आता सीतापुऱ्यात ऑक्सिजनचे सिलिंडर भरणाऱ्या कारखान्यात होता, दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलाने त्याला घेतलं नव्हतं. मी त्याच्या जेवणाच्या सुट्टीत भेटायला गेले. फाटकाबाहेर निंबाखाली तो डबा घेऊन बसला होता. केस एकदम पांढरे झाले होते. त्याने डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. गौतमी पास झाली, म्हणाला, नोकरी शोधतेय, थिएटरमध्ये काम करायचं म्हणते.

मी त्याला जुलैतली भेट सांगितली. तिने काय म्हटलं तेही.

“मतलब, ती म्हणाली म्हणून तुम्ही नाही बोललात?” त्याने विचारलं.

“हो.”

त्याने भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही.

“मॅडम, त्या दिवशी मी तुमचं ऐकायला नको होतं,” तो म्हणाला. “बाटली ठेवा म्हणालात, ठेवली. पाच आठवडे थांब म्हणालात, थांबलो. मला बाबांनी शिकवलं होतं. मला माहीत होतं. तरी ऐकलं. हे मला जात नाही डोक्यातून.”

मी म्हटलं, “चूक माझी होती, उत्तमराव.” आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अशी हाक मारली. त्याच्या ते लक्षात आलं की नाही, मला कळलं नाही.

“ती झोपायची ना शेवटी?” त्याने विचारलं.

“सून म्हणाली, रोज झोपायची.”

“मग ठीक.” भोंगा झाला. तो उठला, डबा धुऊन पिशवीत ठेवला आणि फाटकातून आत गेला. आत सिलिंडरची रांग उभी होती. जाळीतून मला दिसत होतं, एकेका सिलिंडरचा व्हॉल्व बंद करून तो दोनदा हात लावून बघत होता, आणि त्याची टोपी डाव्या हातात धरलेली होती. शेवटचा व्हॉल्व झाल्यावर त्याने ती खुंटीवर टांगली.

घरी आले तर विनय ऑफिसात होता. जेवणाच्या टेबलावर कोरे कागद घेऊन बसले. वर अधीक्षकांचं पद लिहिलं, त्याखाली केसरदेवीचं नाव, ऑपरेशनची तारीख. हिंदीत लिहायचं की इंग्रजीत, यावर उगाच अर्धा तास घालवला. शेवटी मराठीत सुरू केलं. भाषांतर कुणीही करील.

पहिलं वाक्य लिहिलं, “उत्तम दशरथ तायडे यांच्या हातात बाटली होती, ती मी खाली ठेवायला लावली.”